फँटसी बेसबॉलमधला ‘फ्री एजंट’ आला कुठून?

सोमवारी सकाळी साडेसातला पुण्यात माझा चहा उकळत असतो, तेव्हा न्यू जर्सीत रविवार रात्रीचे दहा वाजलेले असतात. मावसभावाच्या फँटसी बेसबॉल लीगमध्ये त्याच ठोक्याला बोल्या उघडतात. आठवडाभर कुणी कुणाला ताकास तूर लागू दिलेला नसतो. मग फोनवर ओळी उमटायला लागतात: अमुक क्लोजर (सामन्याच्या शेवटी चेंडू फेकायला येणारा), फ्री एजंट, १४ डॉलरला गेला, हुकलेली बोली ११. हे डॉलर कागदावरचे असतात, पण काळजाचा ठोका चुकतो तो खराखुरा.

ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दहा-बारा जण मेजर लीगच्या, म्हणजे नॅशनल आणि अमेरिकन या दोन लीग मिळून होणाऱ्या अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉलच्या, खऱ्या खेळाडूंमधून आपापला कागदी संघ बांधतात. मैदानावर त्या खेळाडूंनी काढलेले होम रन, चोरलेले बेस, पिचरने (चेंडू फेकणाऱ्याने) मिळवलेले विजय यांच्या आकड्यांवर सहा महिने गुण मोजले जातात. एक खेळाडू लीगमधल्या एकाच संघाकडे राहतो. जो कुणाच्याच संघात नाही तो ‘फ्री एजंट’, आणि हंगाम चालू असताना त्याला कसं उचलायचं याचे नियम म्हणजे त्या लीगची फ्री एजन्सी.

यातली मला कायम टोचणारी गोष्ट अशी की खऱ्या बेसबॉलमध्ये हाच शब्द नेमका उलट्या अर्थाने जन्माला आला. तिथे फ्री एजंट म्हणजे आपला संघ स्वतः निवडू शकणारा खेळाडू. आमच्याकडे त्याचा अर्थ अजून कुणी न निवडलेला खेळाडू असा झाला. पहिला अर्थ मिळवायला जवळजवळ शंभर वर्षं लागली, आणि ती हकीकत माहीत असली की आपल्या लीगचे नियमही वेगळे दिसायला लागतात.

१८७९ साली नॅशनल लीगच्या मालकांनी आपसात ठरवलं की प्रत्येक संघाने पाच खेळाडू राखून ठेवायचे आणि त्यांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. पुढे हे राखीव कलम सगळ्याच खेळाडूंच्या करारात शिरलं. कलम दिसायला साधं होतं: खेळाडूने नव्या करारावर सही केली नाही, तर संघाला जुना करार एक वर्ष वाढवता येईल. मालक त्याचा अर्थ असा लावत की वाढवलेल्या करारातही हे कलम असतंच, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा वाढवता येईल, आणि त्याच्या पुढच्याही. एका सहीने माणूस जन्मभर दावणीला बांधला जाई. त्याला विकता येई, दुसऱ्या संघाच्या खेळाडूशी बदलता येई, त्याचा पगार कापता येई. त्याच्या हातात खेळ सोडून देणं तेवढं उरे. १९२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्याबाहेर ठेवलं आणि ही दावण आणखी घट्ट झाली.

कर्ट फ्लड सेंट लुइस कार्डिनल्सचा सेंटरफील्डर होता. बारा हंगाम त्याच संघात, क्षेत्ररक्षणासाठी ओळीने सात गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार, पगार वर्षाला ९० हजार डॉलर. ऑक्टोबर १९६९ मध्ये संघाने त्याला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. २४ डिसेंबरला त्याने बेसबॉलचे सर्वोच्च अधिकारी, कमिशनर बोवी कुन यांना पत्र लिहिलं. त्यातलं पहिलंच वाक्य असं होतं, की बारा वर्षं मेजर लीगमध्ये काढल्यावर माझ्या इच्छेची पर्वा न करता विकत घ्यावी आणि विकावी अशी मी एखादी मालमत्ता आहे, असं मला वाटत नाही. खटला उभा राहिला. निवृत्त खेळाडू जॅकी रॉबिन्सन साक्ष द्यायला आला, पण त्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू साक्षीला उभा राहिला नाही. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ३ मतांनी फ्लडच्या विरोधात निकाल दिला. तोवर त्याची कारकीर्द संपलेली होती. १९७० चा अख्खा हंगाम त्याने सोडला होता, आणि १९७१ मध्ये वॉशिंग्टनकडून जेमतेम १३ सामने खेळून तो थांबला होता. आज शेकडो कोटी रुपयांचे करार करणाऱ्या प्रत्येक खेळाडूवर या माणसाचं ऋण आहे असं मी मानतो.

न्यायालयात न सुटलेली गाठ लवादाने सोडवली. लॉस एंजेलिस डॉजर्सचा पिचर अँडी मेसरस्मिथ १९७५ चा पूर्ण हंगाम करारावर सही न करता खेळला. बाल्टिमोरमध्ये नाव कमावून माँट्रियलला गेलेल्या डेव्ह मॅकनॅलीनेही सही केलेली नव्हती. खेळाडू संघटनेचे मार्व्हिन मिलर यांचं म्हणणं सरळ होतं: ‘एक वर्ष’ म्हणजे एकच वर्ष. २३ डिसेंबर १९७५ रोजी लवाद पीटर साइट्झ यांनी ते मान्य केलं. मालकांनी साइट्झना तातडीने काढून टाकलं, पण निकाल टिकला. पुढच्या वर्षीच्या सामूहिक करारात ठरलं, की मेजर लीगमध्ये सहा वर्षं भरलेला खेळाडू करार संपल्यावर मोकळा होईल.

सहाच वर्षं का, यामागचं गणित फँटसी खेळणाऱ्याने नीट समजून घ्यावं असं आहे. ओकलंडचे मालक चार्ली फिनली म्हणत होते की सगळ्यांनाच दरवर्षी मोकळं करा. बाकीच्या मालकांना ते वेडेपणाचं वाटलं, मिलर मात्र मनातून घाबरले होते. दरवर्षी शेकडो खेळाडू एकदम बाजारात आले, तर भाव कोसळणार हे त्यांना दिसत होतं. बाजारात टोमॅटोचे ट्रक एकदम उतरले की शेतकऱ्याच्या हाती काय पडतं, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. सहा वर्षांच्या अटीमुळे दर हिवाळ्यात थोडेच खेळाडू मोकळे होणार होते आणि त्यांच्यासाठी सगळे संघ झगडणार होते. झालंही तसंच. १९७६ मध्ये खेळाडूचा सरासरी पगार सुमारे ५१ हजार डॉलर होता, १९८० मध्ये तो सुमारे १ लाख ४३ हजारांवर गेला. क्रीडापानावर धावसंख्येच्या शेजारी पगार छापून यायला लागले. कोण किती किमतीचा, यावर चहाटपरीपासून कचेरीपर्यंत वाद घालायची सवय अमेरिकेला याच काळात लागली.

त्या हवेत लेखक-संपादक डॅनियल ऑक्रंट यांना १९७९ च्या हिवाळ्यात टेक्सासला जाणाऱ्या विमानात एक खेळ सुचला. लिलावाची कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. समाजशास्त्रज्ञ विल्यम गॅमसन १९६० पासून मित्रांसोबत ‘बेसबॉल सेमिनार’ खेळत होते, आणि ऑक्रंट मिशिगन विद्यापीठात शिकत असताना एका प्राध्यापकाकडून त्यांच्या कानावर ते आलं होतं. ऑक्रंट यांनी त्यात खऱ्या संघमालकाचं सगळं जग आणलं. मॅनहॅटनच्या ‘ला रोटिसरी फ्रान्सेज’ नावाच्या हॉटेलात लेखक-संपादक मित्र जेवायला जमत, म्हणून खेळाचं नाव रोटिसरी पडलं. पहिला लिलाव १९८० च्या एप्रिलमध्ये झाला. पुढे रूढ झालेला हिशेब असा: प्रत्येकाकडे २६० डॉलर, त्यात २३ खेळाडू, १४ बॅटर आणि ९ पिचर. जिंकणाऱ्याच्या डोक्यावर शॅम्पेनऐवजी यू-हू नावाचं चॉकलेट पेय ओतायचं.

मला सर्वात भावतो तो करारांचा नियम. लिलावात घेतलेला खेळाडू त्याच किमतीत दोन हंगाम ठेवता येतो. तिसऱ्या हंगामाआधी ठरवायचं: सोडून द्यायचा, की त्याच किमतीत शेवटचं ‘ऑप्शन’ वर्ष घ्यायचं, की त्यापुढच्या प्रत्येक वर्षामागे पाच डॉलर वाढवून लांबचा करार करायचा. ऑप्शन वर्ष संपलं की तो मोकळा. मेसरस्मिथ ज्या एका वाढीव वर्षावरून भांडला होता, ते वर्ष इथे खेळाच्या नियमपुस्तकात येऊन बसलं. आजच्या बहुतेक ऑनलाइन लीगमध्ये हा नियम उरलेला नाही आणि त्याची मला हळहळ वाटते.

हंगामाच्या मधली फ्री एजन्सी मात्र तेव्हा फारच आखडती होती. मनात आलं म्हणून खेळाडू बदलता येत नसे. आपला माणूस जखमी झाला, खालच्या लीगमध्ये गेला किंवा दुसऱ्या लीगला विकला गेला, तरच त्याच्या जागी दुसरा घ्यायचा, आणि त्यासाठी शुल्क भरायचं. हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. २०२५ च्या आयपीएलमध्ये ऋतुराज गायकवाडच्या कोपराला दुखापत झाली आणि लिलावात न विकला गेलेला सतरा वर्षांचा आयुष म्हात्रे चेन्नईने ३० लाखांना बदली म्हणून घेतला. वानखेडेवर पहिल्याच सामन्यात त्याने १५ चेंडूंत ३२ धावा केल्या. जुन्या रोटिसरीवाल्यांना हा व्यवहार ताबडतोब ओळखीचा वाटेल.

नियम आखडते होते ते टंचाईमुळे. मूळ खेळ फक्त नॅशनल लीगच्या खेळाडूंवर चाले. १९८० मध्ये तिथे १२ संघ होते, प्रत्येकी २५ खेळाडू, म्हणजे ३००. दहा जणांनी २३ प्रमाणे २३० नेले की उरले ७०, आणि तेही बहुतेक बाकावर बसणारे. उलट दोन्ही लीगचे मिळून तीसही संघ खुले असतील, तर आजच्या २६ च्या हिशेबाने ७८० खेळाडू होतात. दहा जणांच्या लीगने २३० घेतले तरी साडेपाचशे उरतात, आणि त्यात रोज मैदानात उतरणारे कितीतरी असतात. पहिल्या लीगमध्ये साधा बरा फ्री एजंटही सोन्याच्या भावाने जातो. दुसरीत तो फुकट मिळतो. मिलर यांची भीती आणि त्यांचा डाव, दोन्ही इथे कागदावर घडताना दिसतात. म्हणून नव्या लीगचे नियम कुणी विचारले, तर मी आधी उरलेले खेळाडू मोजायला सांगतो.

संगणक आणि इंटरनेट आल्यावर वाटपाच्या तीन पद्धती रुळल्या. सर्वात सोपी म्हणजे जो आधी क्लिक करेल त्याचा. संध्याकाळी सातचा न्यूयॉर्कचा सामना आपल्याकडे पहाटे साडेचारला सुरू होतो, तेव्हा पुण्यातल्या माणसाला ही पद्धत किती मानवेल ते सांगायला नको. दुसरी वेव्हरची: सोडलेला खेळाडू एक-दोन दिवस थांबवून ठेवायचा, मग रांगेत पुढे असलेल्याचा हक्क पहिला. कुठे ही रांग गुणतक्त्याच्या उलटी लावतात, कुठे हक्क वापरला की शेवटी जायचं. रांग फिरती असेल तर लोक पहिला नंबर धरून बसतात आणि महिनोन् महिने कुणाला घेतच नाहीत.

तिसरी म्हणजे बंद बोली. हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येकाला फक्त फ्री एजंटसाठी वेगळी रक्कम मिळते, कुठे १००, कुठे १००० डॉलर. आठवड्यातून एकदा सगळ्यांच्या बोल्या एकत्र उघडतात आणि चढी बोली जिंकते. समान बोली आली तर बहुतेक लीगमध्ये तक्त्यात खाली असलेल्याला मिळते. नगरपालिकेच्या निविदा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे लगेच कळेल. काही लीगमध्ये विजेत्याने दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीपेक्षा एकच डॉलर जास्त द्यायचा असतो. म्हणजे मी ४१ म्हणालो आणि पुढचा २७, तर माझे २८ जातात. यामुळे माणूस मनातली खरी किंमत बिनधास्त लिहू शकतो. मला स्वतःला हीच पद्धत सर्वात न्याय्य वाटते. झोपलेल्या माणसाचं नुकसान होत नाही आणि चुकीची किंमत ज्याची त्यालाच भोवते.

पैसे कधी खर्चायचे, यावर मात्र एकमत होत नाही. एप्रिलमध्ये एखाद्या संघाचा क्लोजर जखमी झाला आणि त्याच्या जागी आलेला पिचर तुम्ही उचललात, तर त्याचे सेव्ह (आघाडी राखून संपवलेले सामने) सहा महिने तुमच्या खात्यात पडतात. जुलैमध्ये तोच पैसा निम्म्याहून कमी हंगामासाठी कामी येतो. एकाच लीगच्या खेळाडूंवर चालणाऱ्या खेळात मात्र जुलैला वेगळंच वजन असतं, कारण जुलैअखेरच्या सुमारास संपणाऱ्या खेळाडूंच्या अदलाबदलीच्या मुदतीआधी दुसऱ्या लीगमधून तारे येतात आणि आले की ते फ्री एजंट ठरतात.

२००८ चा उन्हाळा याचा नमुना. ७ जुलैला पिचर सीसी सबाथिया क्लीव्हलँडहून मिलवॉकीला, म्हणजे अमेरिकन लीगमधून नॅशनलमध्ये आला. नॅशनल लीगवाल्या खेळात ज्याच्या खात्यात सर्वात जास्त पैसे शिल्लक होते त्याला तो घेता येणार होता. पण घेतला की तिजोरी रिकामी, आणि महिनाअखेरीस आणखी कोण येईल ते कुणालाच माहीत नव्हतं. ३१ जुलैला, मुदतीच्या अगदी शेवटच्या दिवशी, बॉस्टनचा बॅटर मॅनी रामिरेझ लॉस एंजेलिसला आला. त्याने ५३ सामन्यांत .३९६ च्या सरासरीने १७ होम रन आणि ५३ आरबीआय (आपल्या फटक्यांवर संघाला मिळवून दिलेल्या धावा) काढले. सबाथियाने १७ सामन्यांत सुरुवातीचा पिचर म्हणून ११ जिंकले, २ हरले, ईआरए (नऊ डावांमागे दिलेल्या धावांची सरासरी) १.६५. थांबलेला आणि न थांबलेला, दोघेही त्या वर्षी बरोबर ठरले.

त्याच जूनमध्ये आणखी एक गोष्ट निकालात निघाली होती. खेळाडूंची नावं आणि आकडे फँटसी कंपन्यांनी परवान्याशिवाय वापरू नयेत, असा बेसबॉलच्या व्यापारी शाखेचा दावा होता. खालच्या न्यायालयांनी तो फेटाळला, सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण ऐकायला नकार दिला, आणि आकडे सर्वांसाठी खुले राहिले.

सबाथियाला मिलवॉकीला जायचं आहे का, हे जुलैमध्ये कुणी विचारलं नव्हतं. त्याच्या संघाने त्याला दिलं होतं, आणि त्या आठवड्यात कागदी लीगमधून तो फ्री एजंट म्हणून बोलीला चढला होता. हिवाळ्यात त्याचा करार संपला आणि तो दुसऱ्या, जुन्या अर्थाने फ्री एजंट झाला. डिसेंबरमध्ये त्याने न्यूयॉर्क यांकीज निवडले: सात वर्षं, १६ कोटी १० लाख डॉलर, आणि तीन वर्षांनी वाटलं तर स्वतःहून बाहेर पडायची मुभा.