गोळ्या कमी करताना फिट आली तर?

तीन वर्षं झाली एकही फिट नाही, मग अजून गोळ्या कशाला, हा प्रश्न एपिलेप्सी असलेल्या घरात कधी ना कधी निघतोच आणि तो रास्तच आहे. लेव्हिपिल घ्या की टेग्रिटॉल की एप्टॉइन, रोज आठवणीने घ्यायच्या, वर कुणाला दिवसभर सुस्ती, कुणाची चिडचिड, एप्टॉइनने हिरड्या सुजतात, व्हॅलप्रोएटवाल्यांचं वजन वाढतं आणि केस गळतात. मग काही लोक न्यूरोलॉजिस्टना विचारून कमी करायला घेतात आणि काही जण गुपचूप. गुपचूपवाल्यांना आधीच सांगते, एकदम बंद करू नका, का ते पुढे येतंच आहे. पण हे लिहायचं मुख्य कारण पहिल्या गटातले लोक आहेत. डॉक्टरांनी कागदावर नीट लिहून दिलंय, दर काही आठवड्यांनी एक पायरी खाली, सगळं शिस्तीत चाललंय, आणि तरी घरात कुणी हा विषय काढत नाही की मधेच फिट आली तर काय करायचं. कशाला अभद्र बोला म्हणून! अहो पण ही शक्यता डॉक्टरांनी हिशोबात धरलेलीच असते, मग आपणच का डोळे मिटायचे.

आधी गोळी आत नेमकं काय करते ते बघू. फिटमध्ये मेंदूतल्या हजारो-लाखो पेशी नको त्या वेळी एका लयीत सिग्नल सोडायला लागतात. एप्टॉइनमधलं फेनिटॉइन आणि टेग्रिटॉलमधलं कार्बामॅझेपिन पेशीच्या भिंतीवरचे सोडियम चॅनेल, म्हणजे सोडियम आत जायच्या बारीक वाटा, अडवून धरतात, त्यामुळे पेशीला पटापट सिग्नल सोडता येत नाहीत. गार्डिनल, म्हणजे फेनोबार्बिटोन, आणि फ्रिजियममधलं क्लोबाझाम वेगळ्या वाटेने जातात, ते गाबा नावाच्या शांत करणाऱ्या रसायनाचा जोर वाढवतात. आता हा जोर वर्षानुवर्षं बाहेरून मिळत राहिला की मेंदू त्याची सवय लावून घेतो आणि गाबाला प्रतिसाद देणारे स्वतःचे रिसेप्टर थोडे मंद करतो. अशा वेळी गोळी झटकन काढली तर बाहेरची मदत गेली आणि आतली व्यवस्था अजून मंदच, म्हणून ज्याला एपिलेप्सी नाही अशा माणसालाही ही औषधं तडकाफडकी बंद केल्यावर फिट येऊ शकते. गार्डिनल आणि फ्रिजियम सगळ्यात सावकाश उतरवतात ते यासाठी.

या गोष्टीचा डॉक्टर उलटा उपयोगही करून घेतात. एपिलेप्सीच्या ऑपरेशनआधी फिट मेंदूत कुठून सुरू होते ते पकडायचं असतं, म्हणून पेशंटला व्हिडिओ ईईजीसाठी (मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद आणि सोबत चित्रीकरण) ॲडमिट करून मुद्दाम गोळ्या कमी करतात आणि फिट यायची वाट बघत बसतात. हाताला सलाईनची सुई, शेजारी नर्स, चोवीस तास कॅमेरा चालू. तुमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये यातलं काहीच नसतं, तेव्हा तिथली घाई इथे करून चालणार नाही.

तर गोळ्या उतरवताना आलेल्या फिटची कारणं दोन असू शकतात. एक, उतरवायचा वेग जास्त झाला. दोन, आजार अजून तिथेच आहे आणि गोळीने तो झाकलेला होता. एका फिटवरून यातलं कुठलं हे बऱ्याचदा डॉक्टरांनाही ठामपणे सांगता येत नाही, त्यामुळे "बघ, मी म्हटलं नव्हतं?" असं घरच्यांनी लगेच जाहीर करू नये. शिवाय एक तिसरा घोळ असतो. समजा एखादीला व्हॅलप्रोएट आणि लॅमोट्रिजिन या फिटच्या दोन्ही गोळ्या चालू आहेत आणि फक्त व्हॅलप्रोएट कमी करतायत. व्हॅलप्रोएटमुळे शरीरात लॅमोट्रिजिन फार सावकाश निघून जात असतं, ते काढलं की लॅमोट्रिजिन भराभर बाहेर जायला लागतं, म्हणजे कागदावर एकच गोळी कमी झाली पण रक्तात दोन्ही उतरल्या. म्हणून वेगळ्या गोळ्या घेणाऱ्या शेजाऱ्याचं वेळापत्रक आपल्याला लावायचं नाही.

आता आकडे. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने केलेला, १९९१ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अभ्यास यातला सगळ्यात गाजलेला. किमान २ वर्षं फिट न आलेले १,०१३ लोक घेतले, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, एकाच्या गोळ्या चालू आणि दुसऱ्याच्या हळूहळू बंद. २ वर्षांनी बघितलं तर बंद करणाऱ्यांपैकी ५९ टक्के लोकांना फिट आलेली नव्हती आणि चालू ठेवणाऱ्यांपैकी ७८ टक्के लोकांना. लोक यातला ५९ वाचून घाबरतात, मला मात्र दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो, कारण गोळ्या चालू असूनही शंभरातल्या २२ जणांना फिट आलीच ना. म्हणजे गोळी चालू म्हणजे शंभर टक्के सुरक्षित आणि बंद म्हणजे बोंबला, असं ते गणित नाहीये.

आणि सगळ्यांचं गणित सारखंही नसतं. शाळकरी मुलांना झोपेत येणारी रोलँडिक एपिलेप्सी वयाच्या सोळाच्या आसपास बहुतेक आपोआप जाते. उलट किशोरवयात सुरू होणारी मायोक्लोनिक एपिलेप्सी, ज्यात सकाळी उठल्या उठल्या हाताला झटके येऊन चहाचा कप उडतो, ती गोळीने छान ताब्यात राहते पण बंद केली की बऱ्याच जणांना परत येते. आपल्याकडे मेंदूतल्या फीतकृमीच्या गाठीमुळे येणाऱ्या फिट्सही खूप, त्यात स्कॅनवर गाठ पूर्ण विरघळलेली दिसतेय की तिथे कॅल्शियमचा खडा राहिलाय यावर बरंच ठरतं, खडा असेल तर धोका जास्त.

हे सगळं डॉक्टरांचं काम. आपलं काम म्हणजे ते महिने कसे काढायचे. परत फिट यायची असेल तर ती जास्त करून गोळ्या कमी होत असताना किंवा बंद झाल्यावरच्या पहिल्या वर्षातच येते, म्हणून काळजी जन्मभर नाही तर या ठरावीक काळात करायची. आणि या काळात झोपेइतकी महत्त्वाची दुसरी गोष्ट नाही. अपुरी झोप फिटला आमंत्रण देते हे इतकं पक्कं आहे की ईईजीत काही सापडत नसेल तर पेशंटला रात्रभर जागवून मग ईईजी काढतात. आता पुण्यात राहून हे कसं पाळायचं तुम्हीच सांगा, विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते, लक्ष्मी रोडच्या आसपास घर असेल तर झोपायचा प्रश्नच नाही, आणि ढोल-ताशा पथकात असाल तर प्रॅक्टिसपासूनच जागरणं सुरू. त्या दोन रात्री मावशीकडे हडपसरला झोपायला गेलात तर बाप्पा रागावणार नाही.

दारूचं वेगळं सांगायला नको. पण ताप आला, डेंग्यू-चिकुनगुनिया झाला, तर फॅमिली डॉक्टरांना आपल्या गोळ्या कमी चालल्यात हे आधी सांगा, कारण ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी काही अँटिबायोटिक्स फिटचा धोका वाढवतात.

मग गाडी. पुणेकराची टू-व्हीलर काढून घेणं म्हणजे पाय काढून घेतल्यासारखं, मान्य आहे, पण सिंहगड रोडवर चालू गाडीवर फिट आली तर प्रश्न एकट्याचा राहत नाही. ब्रिटनमध्ये गोळ्या कमी करत असताना आणि त्यानंतर ६ महिने गाडी चालवू नका असं सरळ सांगतात. आपल्याकडे लायसन्सच्या फॉर्म १ मध्ये एपिलेप्सी आहे का असं थेट विचारलेलं असतं आणि लोक डोळे झाकून नाही लिहितात, हे सगळ्यांना माहिती आहे. तेवढे महिने पीएमपी, मेट्रो, नाहीतर कुणाच्या तरी मागे बसा, तेही हेल्मेट घालून. पोहायला एकट्याने जायचं नाही, बरोबर पोहता येणारा आणि हे माहीत असलेला माणूस हवा. बाथरूमची कडी लावायची नाही, बाहेर पाटी अडकवा हवं तर. तळण वगैरे शक्यतो दुसऱ्या कुणाला करू दे.

ज्यांच्याबरोबर राहता त्यांना सांगणं मात्र लोक टाळतात. हॉस्टेलचा रूममेट, पेठेतल्या कॉट बेसिसवरचा पार्टनर, ऑफिसात शेजारी बसणारी, यातल्या एकाला तरी माहीत हवं. सांगायचं ते थोडंच आहे. फिट आली की घड्याळ बघ, आजूबाजूचं टोकदार सामान सरकव, डोक्याखाली काहीतरी मऊ घाल, जमेल तसं कुशीवर वळव. दातखीळ बसली म्हणून चमचा, बोट, पाणी काही तोंडात घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. कांदा, चप्पल, हातात किल्ल्या यातल्या कशानेही फिट थांबत नाही. ती बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपली आपण थांबते आणि श्रेय कांद्याला जातं, एवढंच! पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा भानावर न येता दुसरी सुरू झाली, किंवा पाण्यात आली, श्वास नीट नाही, डोक्याला मार लागला, तर १०८. डॉक्टरांनी मिडॅझोलामचा नाकात मारायचा स्प्रे दिला असेल तर तो कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे आणि किती वेळा मारायचा हे आधी दाखवून ठेवा, त्या क्षणी लेबल वाचायला कुणाला सुचत नाही. दुसरं कुणी असेल तर त्याने मोबाईलवर व्हिडिओ घ्यावा, डॉक्टरांना दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा तो उपयोगी पडतो, कारण तो झटका फिटचा होता की नुसती चक्कर हेही ठरवायचं असतं.

फिट थांबल्यावर माणूस तासभर गोंधळलेला, झोपाळू असतो, प्रश्नांची सरबत्ती करू नका. आणि घाबरून आपल्या मनाने जुना पूर्ण डोस एकदम सुरू करू नका, विशेषतः लॅमोट्रिजिन बरेच दिवस बंद असेल तर ते परत हळूहळूच चढवावं लागतं, नाहीतर अंगावर गंभीर पुरळ उठू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, ते सांगतील तसं. मागची पायरी परत, की पूर्ण डोस, की अजून थोडं थांबून बघू, हे त्यांनी आणि तुम्ही मिळून ठरवायचं. खरं तर हा प्रश्न गोळ्या कमी करायला घ्यायच्या आधीच्या अपॉइंटमेंटलाच विचारून कागदावर लिहून घ्यावा, रविवारी रात्री कुणाला फोन लावायचा ते पण.

आणि परत फिट आली म्हणजे सगळं पाण्यात गेलं असंही नाही. त्याच ब्रिटिश अभ्यासातल्या, परत फिट आलेल्या लोकांवर पुढेही लक्ष ठेवलं होतं, तर ३ वर्षांच्या आत त्यातल्या ९५ टक्के लोकांना सलग एक वर्ष तरी फिटशिवाय गेलं. सगळ्यांना नाही, ९५ टक्के. उरलेल्यांचा विचार करूनच काही जण गोळ्या चालू ठेवायचं ठरवतात आणि त्यात काहीही कमीपणा नाही.

लग्न ठरतंय म्हणून घाईने बंद करणाऱ्यांना मात्र माझा ठाम विरोध आहे. एपिलेप्सी आहे म्हणून लग्न रद्द करता येईल अशी जी तरतूद हिंदू विवाह कायद्यात होती ती १९९९ साली काढून टाकली. व्हॅलप्रोएट घेणाऱ्या मुलीने मूल हवं असेल तर ते आधी बदलून घ्यायला हवं हे खरं, कारण त्याने बाळात व्यंग यायचा धोका बराच वाढतो, पण ते काम न्यूरोलॉजिस्टबरोबर काही महिने आधी करायचं असतं, साखरपुडा झाल्यावर हॉल बुक करता करता नाही. पुण्यात संवेदना फाउंडेशनसारखा एपिलेप्सीचा सपोर्ट ग्रुप आहे, तिथे यातून गेलेले लोक भेटतात, स्थळ बघायच्या आधी काय आणि कसं सांगायचं हे त्यांना विचारा.