ब्राउझरची बटणं कोण रेखाटतं?

पुण्यात जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून घेणारे बरेच. केडीई डेस्कटॉप घेतलेल्यांना फायरफॉक्सचे काही भाग परके वाटतात, कारण त्याची बाहेरची चौकट दुसऱ्याच घरातली आहे. बटणं, मेनू, स्क्रोलबार प्रत्येकाने नव्याने लिहीत बसू नये म्हणून टूलकिट असतं. लिनक्सवर दोन मोठी: केडीईचं क्यूटी आणि फायरफॉक्स वापरतं ते जीटीके. नव्वदीच्या दशकात क्यूटीच्या परवान्यावरून वाद झाला, १९९७मध्ये जीटीकेवर ग्नोम हा दुसरा डेस्कटॉप उभा राहिला. २०००मध्ये क्यूटी जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली आलं, पण तोवर चुली वेगळ्या झाल्या होत्या.

ब्राउझर लिहिणाऱ्याने कुठलं घ्यावं? वेबपानापुरतं बोलायचं तर कुठलंच नाही. युनिक्सवरच्या जुन्या नेटस्केप ब्राउझरमध्ये फॉर्मची बटणं मोटिफ या टूलकिटचीच असत. मग पानाचं रूप ठरवणारी सीएसएस ही भाषा आली. आज पान लिहिणारा बटण तिरकं करतो, अर्धपारदर्शक करतो, त्यावरून चित्र सरकवतो. टूलकिटचं बटण या कसरतींसाठी बनलेलंच नाही, म्हणून पानातलं सगळं काही ब्राउझरचं इंजिन, म्हणजे पान उभं करणारा त्याचा भाग, स्वतःच रेखाटतं. क्रोमने तर २०१४मध्ये बाहेरची चौकटही स्वतःच रेखाटायला घेतली. तरी फाइल निवडायची खिडकी आणि डेस्कटॉपची रंगसंगती यांसाठी त्याला टूलकिटचं दार ठोठवावं लागतंच.

छोटा ब्राउझर करणाऱ्याचं गणित वेगळं. इंजिन सहसा कोणी नव्याने लिहीत नाही. क्यूटी घेतलं की क्यूटी-वेबइंजिन, म्हणजे क्रोम ज्यावर उभं आहे ते क्रोमियम, आयतं मिळतं. जीटीके घेतलं की वेबकिट-जीटीके, म्हणजे ॲपलच्या वेबकिट इंजिनाचं जीटीकेवरचं रूप. फाल्कन हा ब्राउझर पहिल्या वाटेने गेला, ग्नोम वेब हा दुसऱ्या. टूलकिट निवडतोय असं वाटत असताना निवड खरं तर इंजिनाची होते. गंमत म्हणजे ॲपलचं वेबकिट निघालं ते केडीईच्या, क्यूटीवर लिहिलेल्या केएचटीएमएल या इंजिनातून, आणि २०१३मध्ये वेबकिटमधून क्रोमचं ब्लिंक हे इंजिन.

मराठी जोडाक्षरांची चिंता मात्र नको. ‘क्ष’ किंवा ‘र्‍या’ जुळवण्याचं काम दोन्ही टूलकिट आणि दोन्ही मोठे ब्राउझर हार्फबझ या अक्षरं जुळवणाऱ्या लायब्ररीकडेच सोपवतात. लोहित देवनागरी फाँट, ज्यावर रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी काम केलं, तो दोन्हीकडे सारखाच उमटतो. अडचण येते ती टायपिंगला. इन्स्क्रिप्ट कीबोर्डची कळ दाबल्यापासून अक्षर पत्तापट्टीत पोचेपर्यंत मध्ये बऱ्याचदा आयबससारखी, दाबलेल्या कळांची अक्षरं करणारी व्यवस्था असते आणि तिच्याशी बोलणारा दुवा प्रत्येक टूलकिटचा वेगळा. नवा ब्राउझर घेतला, तर मी आधी पत्तापट्टीत ‘ज्ञानेश्वर’ टाइप करून बघेन. रंगरूप नंतर.