समलिंगी विवाहाचे कायदे आणि घटस्फोटाचे आकडे : पार्श्वभूमी

समलिंगी विवाहाचा विषय सोलापुरात निघाला की ‘तिकडे असले कायदे झाले आणि घरे मोडू लागली’ हे वाक्य कोणीतरी पुढे टाकतेच. ते वाक्य कोठून आले हे पाहायचे तर १९८९ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी १ ऑक्टोबरला डेन्मार्कमध्ये समलिंगी जोडप्यांची भागीदारी, म्हणजे विवाहाशी मिळतेजुळते कायदेशीर नाते, नोंदवली जाऊ लागली. पुढे १९९३ मध्ये नॉर्वेने आणि १९९५ मध्ये स्वीडनने तीच वाट धरली. या नोंदणीमुळेच तिकडची विवाहसंस्था खिळखिळी झाली, असा दावा या शतकाच्या आरंभी मांडला गेला. वास्तविक डेन्मार्कमध्ये लग्नावाचून एकत्र राहणे सत्तरच्या दशकातच रुळले होते आणि भागीदारीचा कायदा आला तेव्हा जन्मणाऱ्या जवळपास निम्म्या मुलांचे आईवडील विवाहित नव्हते. जे आधीच घडून गेले होते, त्याचे खापर नंतरच्या कायद्यावर फुटले.

संपूर्ण विवाहाचा हक्क प्रथम दिला तो नेदरलँड्सने, १ एप्रिल २००१ रोजी. त्या वर्षी तेथे सुमारे २,४०० समलिंगी विवाह झाले आणि तीन वर्षांत ही संख्या १,२०० च्या आसपास आली, कारण पहिल्या वर्षात वर्षानुवर्षे थांबलेल्या जोडप्यांची गर्दी होती. देशातील एकूण लग्ने तेव्हा वर्षाला ऐंशी हजारांच्या घरात होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या मूठभर लग्नांनी सगळ्या देशाचा घटस्फोटाचा दर हलणे कठीण, हे उघड होते.

खरा गुंता झाला तो त्याच दिवशी अमलात आलेल्या दुसऱ्या एका तरतुदीने. विवाहाचे रूपांतर नोंदणीकृत भागीदारीत करण्याची मुभा मिळाली, आणि भागीदारी तर परस्परसंमतीने, न्यायालयाची पायरी न चढता संपवता येत होती. त्यामुळे आज विवाहाची भागीदारी करायची आणि लगेच ती मोडायची, असा ‘झटपट घटस्फोट’ रूढ झाला. त्याचा लाभ घेणारी बहुतेक जोडपी स्त्रीपुरुषांचीच होती. असे मोडलेले संसार घटस्फोटांच्या मोजणीत येत नसल्याने कागदावरचा आकडा उतरला, संसार मात्र पूर्वीसारखेच मोडत राहिले. तो उतरता आकडा कायद्याच्या समर्थकांनी आपल्या बाजूने वापरणे हेही तितकेच चुकीचे ठरते. ही पळवाट १ मार्च २००९ रोजी बंद झाली.

भारतात समलिंगी संबंध २०१८ मध्ये गुन्ह्याच्या व्याख्येतून बाहेर आले. मात्र १७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने विवाहाचा हक्क नाकारून तो प्रश्न कायदेमंडळाकडे सोपवला. त्या सुमारास पाश्चात्त्यांच्या घटस्फोटाच्या चढ्या दरांशेजारी आपला नगण्य दर मांडून दाखवण्याची रीत पुन्हा दिसली. येथे फारकत, काडीमोड, सोडचिठ्ठी या आपल्याच शब्दांनी आपल्याला सावध करायला हवे. सोलापूर ज्या मुंबई प्रांतात होते तेथे हिंदूंना घटस्फोटाचा कायदा १९४७ सालीच मिळाला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने रूढीने होणारी फारकतही अबाधित ठेवली आणि परस्परसंमतीची सोय १९७६ मध्ये आली. पंचांसमोर झालेली काडीमोड किंवा मुद्रांकावर लिहून दिलेली सोडचिठ्ठी न्यायालयाच्या दप्तरात उमटत नाही, आणि नवऱ्याने नुसते टाकून दिले तर कोठलाच कागद होत नाही. २०११ च्या जनगणनेत विभक्त राहणाऱ्यांची संख्या घटस्फोटितांच्या जवळजवळ तिप्पट निघाली ती यामुळेच. सोलापूरच्या पूर्व भागात दहा वर्षे माहेरी राहून विड्या वळणारी बाई कोणत्याही अर्जावर वैवाहिक स्थितीच्या रकान्यापाशी क्षणभर थांबते आणि ‘विवाहित’ या शब्दापुढेच खूण करते.