स्विचग्रास

उत्तर अमेरिकेच्या माळरानांतले बहुवर्षायू गवत. शास्त्रीय नाव पॅनिकम व्हर्गेटम. मुरबाड-शहापूरच्या डोंगरउतारांवर पिकणारी वरी याच वंशातली. वरीचा सुटा, मोकळा तुरा ज्याने पाहिला आहे त्याला स्विचग्रासचा तुरा अनोळखी वाटणार नाही. मात्र याचे ताट दीड ते अडीच मीटर वाढते आणि मुळे ३ मीटरपर्यंत खोल जातात.

एकाच शेतातून वैरण आणि सरपण दोन्ही काढता येते, ते कापणीची वेळ साधून. गवत पोटरीत असताना कापले तर पाला कोवळा असतो, प्रथिने भरपूर असतात आणि गुरे आवडीने खातात. एकदा ते निसवले की ताट काठीसारखे होते. अशा गवताला गुरे फारशी विचारत नाहीत, पण बॉयलरला नेमके तेच हवे असते. थंडीत ताट वाळताना नत्र मुळांकडे परतते, पालाश आणि क्लोरीन पावसाबर्फात धुऊन जातात. त्यामुळे जळताना राख वितळून नळ्यांना कमी चिकटते. मुळांत उतरलेले नत्र पुढच्या फुटव्याला कामी येते. अर्थात, पहिली कापणी घेतली की दुसऱ्या कापणीत तूट येतेच. घोडे, शेळ्या व मेंढ्यांना हा चारा बाधतो: यकृत बिघडते आणि उन्हाने कातडी भाजते. गाईगुरांना सहसा त्रास होत नाही. पहिल्या वर्षी तण फार माजते, भरघोस उत्पन्न तिसऱ्या वर्षी. पुढे मात्र दहा वर्षे पेरणी नाही.

१९९० च्या दशकात अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने याला आदर्श ऊर्जापीक ठरवले. २००६ साली राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या भाषणात ते आले आणि नाव घरोघर झाले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शेतावरील अभ्यासात हेक्टरी ५.२ ते ११.१ टन उत्पन्न नोंदले गेले. पण काष्ठमय भागापासून इथेनॉल करणे महाग पडले आणि गाजावाजा ओसरला.

ठाणे जिल्ह्यात हे गवत जसेच्या तसे चालणार नाही. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात जूनचा दिवस १५ तासांचा, इथला १३ तासांहून थोडाच मोठा. उत्तरेकडचे वाण दक्षिणेत आणले की लवकर फुलोऱ्यावर येऊन बुटके राहते. टेक्सासच्या अलामोसारखे दक्षिणी वाणच त्यातल्या त्यात जवळचे. शिवाय इथे हिमही पडत नाही. गवत वाळते ते पाऊस ओसरल्यावर, दसरा-दिवाळीच्या उन्हात.

कल्पना मात्र इथे नवी नाही. उतारावरचे गवत विळ्याने कापून भारे बांधायचे, बरे ते दावणीला किंवा मुंबईच्या तबेल्यांना, आणि गुरांनी टाकलेले जाडेभरडे पालापाचोळा व शेणासोबत रोपाच्या जागेवर रचून उन्हाळ्यात राब भाजायचा, ही इथली जुनीच रीत. चारा आणि ऊर्जा यांसाठी राज्यात आज भर आहे तो हत्ती गवतावर. ते कांडी लावून झटपट फुटते, दीड-दोन महिन्यांनी कापणीला येते; पण त्याला उन्हाळ्यात पाणी द्यावे लागते, आणि राबाच्या गवताला कधी कोणी पाणी दिलेले नाही.