पानकाप्या मुंग्यांची मळलेली वाट

पानं कापून वारुळात नेणाऱ्या मुंग्या भारतात नाहीत. (आपल्या गुलाबाच्या पानांना दिसणारे गोल काप एका एकांड्या मधमाशीचे असतात.) अट्टा आणि ॲक्रोमिरमेक्स या दोन गटांतल्या या मुंग्या फक्त अमेरिका खंडांत, थेट अर्जेंटिनापर्यंत आढळतात.

सुरुवातीला अभ्यासकांना कोडं पडलं ते पानांचं. हेन्री बेट्स या इंग्रज निसर्गअभ्यासकाला वाटलं, पानं वारूळ शाकारायला नेतात. या पानांवर मुंग्या बुरशी पिकवतात आणि तीच खातात, हे 1874 मध्ये मांडलं थॉमस बेल्टने. तो निकाराग्वात सोन्याच्या खाणीवर इंजिनिअर होता. मला मात्र त्याची दुसरीच नोंद मोलाची वाटते. मुंग्यांची वाट खाणीच्या रुळांना आडवी जात होती आणि मालाच्या डब्यांखाली (वाघिणींखाली) त्या चिरडत होत्या. काही दिवसांनी त्यांनी प्रत्येक रुळाखालून बोगदा पोखरला. बेल्टने ते बोगदे दगडांनी बुजवले. त्या दिवशी वाघिणी बंद होत्या, तरी पानं घेतलेल्या मुंग्या रूळ ओलांडेनात. त्यांनी नवे बोगदे खोदले!

मुंग्या वाटेवर जो वास सोडतात, त्याचं रसायन सापडलं 1971 मध्ये, टेक्सासमधल्या जातीत. मिलिग्रॅमचा तिसरा हिस्सा वापरला, तर पृथ्वीभोवती एक फेरी होईल एवढी वाट त्याने आखता येते.

पण वास फक्त दिशा दाखवतो. पालापाचोळा, काड्या, कोंब हटवून झाडलेली वाट हे वेगळंच काम, आणि त्याचा हिशेब फार उशिरा झाला. साफ वाटेवर मुंगी कितीतरी पट वेगाने चालते, हे 1980 च्या दशकात मोजलं गेलं. मग 2001 मध्ये जेरोम हॉवर्ड या अभ्यासकाने खर्च मांडला: एक वसाहत वर्षात सरासरी 2.7 किलोमीटर वाट साफ करते आणि त्यासाठी एका मुंगीचे सुमारे 11,000 दिवस खर्ची पडतात. लाखो मुंग्यांच्या वारुळाला हे काहीच नाही.

पुढे रहदारीकडे लक्ष गेलं. 2009 च्या एका प्रयोगात वाटेवर अरुंद पूल ठेवला. समोरून पान घेतलेली मुंगी आली की बाहेर निघालेली तिला वाट देई. घरी परतणाऱ्या रिकाम्या मुंग्याही संथ ओझेवालीला मागे टाकत नसत, तिच्या मागोमाग चालत. त्यामुळे समोरासमोरचा खोळंबा कमी होई.

एवढा रस्ता झाडायला मुकादम लागत नाही. 2019 च्या अभ्यासानुसार ज्या मुंगीच्या पायात काडी येते, तीच ती उचलून बाजूला टाकते.