शाडू विरघळत नाही, विरघळतं ते प्लास्टर

गणपती जवळ आले की एक वाक्य सगळीकडे ऐकू येतं: शाडूची मूर्ती पाण्यात विरघळते, प्लास्टरची विरघळत नाही. शाळेच्या फलकावर तेच, सोसायटीच्या सूचनेत तेच, बातम्यांतही तेच. गेल्या वर्षी माझ्या सहावीतल्या भाचीने विचारलं, "विरघळते म्हणजे मिठासारखी?" प्रश्न अगदी मर्मावर होता. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते वाक्य चक्क उलटं आहे. शाडू विरघळत नाही. विरघळतं ते प्लास्टर, थोडंसंच का होईना. तरीही शाडूची मूर्ती काही तासांत नाहीशी होते आणि प्लास्टरची महिनोन्महिने तळाशी पडून राहते. असं का, हे मुलांना घरच्या घरी करून पाहता येतं, आणि सणाच्या दिवसांत मुलांना यापेक्षा चांगला विज्ञानाचा तास मिळणार नाही.

आधी प्लास्टर. जिप्सम हे कॅल्शियम सल्फेटचं खनिज. त्याच्या स्फटिकात प्रत्येक कॅल्शियम सल्फेटमागे पाण्याचे दोन रेणू बसलेले असतात. साधारण १५० अंश सेल्सिअसला ते भाजलं की त्यातलं पाऊण पाणी उडून जातं आणि पांढरी पूड उरते. हेच प्लास्टर ऑफ पॅरिस. पुढे शास्त्रज्ञ म्हणून जगप्रसिद्ध झालेल्या लाव्हाझिएने १७६५ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, यावरच आपला पहिला शोधनिबंध वाचला: भाजताना गेलेलं पाणी प्लास्टर घट्ट होताना परत घेतं. ते घेताना उष्णता बाहेर पडते, म्हणून घट्ट होत असलेल्या प्लास्टरमध्ये मुलांना हात बुडवू देऊ नका, खरोखर भाजतं. परत मिळालेल्या पाण्यातून सुईसारखे स्फटिक वाढतात आणि एकमेकांत गुंततात. म्हणजे तयार मूर्ती पुडीची राहिलेलीच नसते, ती पुन्हा जिप्समचा दगड झालेली असते.

हा दगड पाण्यात विरघळतो, पण एका लिटरमध्ये जेमतेम २.४ ग्रॅम. दहा लिटरच्या बादलीत २४ ग्रॅम गेला की पाणी संपृक्त झालं, पुढे काही होत नाही. एक किलोच्या मूर्तीला चारशे लिटरहून जास्त पाणी लागेल. त्यात वरून तैलरंगाचा थर असला तर पाणी आत शिरणार कुठून? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्लास्टरच्या मूर्तींवर बंदी सांगितली, त्यामागे रंगांतल्या जड धातूंइतकंच हे साधं गणितही आहे.

आता शाडू, माझा खरा आवडीचा विषय. चिकणमाती म्हणजे अतिशय पातळ चकत्यांचा ढीग. बहुतेक चकत्या दोन मायक्रॉनहून लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या भागाहूनही बारीक. ओल्या मातीत दोन चकत्यांमध्ये पाण्याचा थर असतो, म्हणून त्या एकमेकींवरून घसरतात आणि सोंड हवी तशी वळते. माती वाळली की हा थर निघून जातो, चकत्या जवळ येतात आणि दुबळ्या विद्युत आकर्षणाने एकमेकींना धरून राहतात. प्लास्टरसारखे गुंतलेले स्फटिक इथे नाहीत. चकत्यांच्या मधल्या बारीक फटींत मात्र हवा भरलेली असते, आणि सगळी गंमत या हवेत आहे.

वाळलेली मूर्ती पाण्यात ठेवली की पाणी चहूबाजूंनी फटींत ओढलं जातं. टिपकागद शाई ओढतो तेच हे केशाकर्षण. आतली हवा कोंडली जाते, कारण बाहेर जायच्या सगळ्या वाटा पाण्याने अडवलेल्या असतात. पाणी किती जोराने आत ओढलं जातं, याचा हिशेब सोपा आहे: पृष्ठताणाची, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग ताणून धरणाऱ्या बलाची, दुप्पट भागिले फटीची त्रिज्या. पाण्याचा पृष्ठताण मीटरला ०.०७२ न्यूटन आणि फट एक मायक्रॉन रुंद, म्हणजे त्रिज्या अर्धा मायक्रॉन धरली, तर उत्तर येतं सुमारे २,८८,००० पास्कल. हा वातावरणाच्या दाबाच्या जवळपास तिप्पट झाला, मोटारीच्या टायरमधल्या हवेपेक्षाही जास्त. कोंडलेली हवा या दाबाखाली दबते, आणि इतक्यात चकत्यांमधली पकड पाण्याने सैल केलेली असते. मग पापुद्रे सुटतात, बुडबुडे वर येतात, मूर्ती थराथराने खाली बसते. माती रेणूरेणूने विरघळली नाही, ती सुटी झाली. दुसऱ्या दिवशी वर निवळ पाणी आणि तळाला गाळ दिसतो. मीठ असं तळाशी बसलं असतं का?

याचा पडताळा फार सुंदर आहे. एकाच शाडूचे लिंबाएवढे दोन गोळे करा. एक आठ-दहा दिवस सावलीत कडकडीत वाळवा, दुसरा ओल्या फडक्यात गुंडाळून मऊ ठेवा. दोन्ही एकाच वेळी पाण्यात सोडा. मुलांना वाटतं, ओला आधी सुटेल. होतं उलटं. कोरडा गोळा बुडबुडे सोडत बघता बघता ढासळतो, ओला दुसऱ्या दिवशीही बराचसा गोळाच असतो. त्याच्या फटींत आधीच पाणी आहे. कोंडायला हवाच नाही.

यातून एक व्यवहारातली गोष्ट निघते, आणि ती कार्यशाळांमध्ये क्वचितच सांगितली जाते. मुलं हरितालिकेच्या रात्री मूर्ती घडवतात, दुसऱ्या दिवशी प्रतिष्ठापना होते, दीड दिवसाने विसर्जन. भाद्रपदाच्या दमट हवेत ती मूर्ती आतून ओलीच असते. मग ती बादलीत सुटत नाही, मूल हिरमुसतं, आणि कोणी तरी म्हणतं की शाडूत भेसळ होती. भेसळ असेलही, पण आधी ओल तपासा. मूर्तीची पाठ गालाला लावून पाहा. गार लागली तर बाष्पीभवन अजून चालू आहे. म्हणून मूर्ती निदान दोन आठवडे आधी करावी.

वाळताना मूर्तीला तडा गेला की काही घरांत चेहरे उतरतात, अपशकुनाची भाषा सुरू होते. कृपा करून मुलांच्या मनात हे भरू नका. पाणी जाताना माती आक्रसते. बारीक हात आधी वाळतो, जाड पोट मागाहून, आणि ताण त्यांच्या सांध्यावर येतो. तडा तिथेच जाणार. त्याच शाडूचं दाट कालवण भरा, वरून फडकं टाका आणि सावकाश वाळू द्या.

घरात आधीच प्लास्टरची मूर्ती असेल तर? पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचवलेली अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत आता बऱ्याच जणांना माहीत आहे. मूर्तीच्या साधारण वजनाइतकी पूड पाण्यात मिसळायची, मूर्ती त्यात ठेवायची आणि अधूनमधून ढवळायचं. मघाचे ते २.४ ग्रॅम आठवा. जिप्सममधून जेवढं कॅल्शियम पाण्यात उतरतं, तेवढं कार्बोनेट पकडतं आणि खडूच्या, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या, रूपात तळाशी नेतं. पाणी कॅल्शियमने भरतच नाही, म्हणून जिप्सम विरघळतच राहतं. एक किलो जिप्सममागे सुमारे ५८० ग्रॅम खडू आणि ७७० ग्रॅम अमोनियम सल्फेट मिळतं, म्हणजे नत्राचं खत. सिंद्रीच्या खत कारखान्यात १९५१ पासून जिप्सम आणि अमोनियापासून हेच खत बनत होतं. हे काम मोठ्यांनी गॅलरीत, उघड्या हवेत करावं, कारण अमोनियाचा वास झोंबतो. रंग आधी खरवडून काढावा, नाही तर तो खडूत आणि खतात उतरतो. आणि खायचा सोडा म्हणजे ही पूड नव्हे. त्याने विक्रिया होते, पण मागे सोडियम सल्फेट उरतं, ते कुंडीत घालण्यासारखं नाही.

'शंभर टक्के विरघळणारी' म्हणून तुरटीच्या मूर्तीही विकल्या जातात. तुरटी खरंच विरघळते, मिठासारखीच. पण ती पाणी आम्ल करते आणि त्यात ॲल्युमिनियम सोडते, माशांना हे दोन्ही मानवत नाही. विरघळणं हा काही गुणच नव्हे. विरघळलेली वस्तू पुन्हा हाती लागत नाही, सुटी झालेली लागते.

बादलीतला शाडूचा गाळ म्हणूनच ओतून देऊ नका. नदीत तोही नुसता गढूळपणाच वाढवतो. पुण्यात 'पुनरावर्तन' मोहिमेत असा शाडू गोळा करून मूर्तिकारांना परत दिला जातो. घरी वरचं पाणी झाडांना घालावं, गाळ जुन्या सुती कापडात बांधून टांगावा. तीन-चार दिवसांत तो कणकेसारखा होतो. आमच्याकडे गेल्या वर्षीचा गोळा प्लास्टिकच्या डब्यात ठेवला आहे, झाकणावर भाचीच्या अक्षरात तारीख आहे.