चिठ्ठीवर ‘किती दिवस’ हे लिहून आणा

“मागच्याच गोळ्या द्या, चिठ्ठी तुम्ही पाहिलीय की,” असं आमच्या औषधांच्या दुकानात ऐकायला मिळतं. पाहिली आहे, खरं आहे. पण एकदा दाखवलेली चिठ्ठी कायमची चालत नाही.

औषध नियम, १९४५ (आधीचं नाव औषधे व सौंदर्य प्रसाधने नियम) मधला नियम ६५ सांगतो की चिठ्ठीवर डॉक्टरांची सही, तारीख, रुग्णाचं नाव-पत्ता, डोस आणि एकूण किती औषध द्यायचं हे सगळं हवं. पुन्हा द्यावं असं लिहिलेलं नसेल, तर त्या चिठ्ठीवर औषध एकदाच मिळतं. घोळ होतो तो इथेच. बीपीची किंवा थायरॉइडची गोळी वर्षानुवर्षं चालणार हे तुम्हाला, डॉक्टरांना, आम्हालाही ठाऊक असतं. कागदावर मात्र ‘चालू ठेवा’ एवढंच असतं. मग आम्ही दवाखान्यात फोन लावतो, डॉक्टर पेशंट तपासत असतात आणि तुम्ही काउंटरवर ताटकळता. दवाखान्यातून उठण्याआधी एक ओळ लिहून घ्या: ‘दरमहा ३० गोळ्या, ६ महिने.’ सहा महिने चकरा वाचतात.

औषध दिल्यावर डॉक्टरांच्या सहीच्या वर आम्ही दुकानाचं नाव, पत्ता आणि तारीख टाकतो. “कागद कशाला खराब केलात?” असं विचारलं जातं. नियमच तसा आहे, आणि कितव्यांदा औषध घेतलं याचा हिशेबही त्यावरूनच लागतो.

सेफिक्झीम, अल्प्राझोलाम, ट्रॅमाडॉल, झोल्पिडेम ही औषधं शेड्यूल एच-१ मधली, म्हणजे ज्यांची विक्री नोंदवून ठेवावी लागते त्या यादीतली. पाकिटावर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो. १ मार्च २०१४ पासून यांची वेगळ्या वहीत नोंद करावी लागते: डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं. वही तीन वर्षं जपायची. त्यामुळे ‘दोनच गोळ्या द्या, कोण बघतंय’ याला आमचं उत्तर ‘नाही’ असंच राहील, ओळख कितीही जुनी असो. मोबाइलवर फोटो पाठवलात तर औषध काढून ठेवू. हातात देताना मूळ कागद लागेल.

“हा ब्रँड नाही तर दुसरा द्या,” हेही रोजचंच. शेड्यूल एच मधल्या, म्हणजे फक्त चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधाचा ब्रँड लिहून दिलेला असेल, तर घटक तोच असला तरी आम्हाला परस्पर बदलता येत नाही. डॉक्टरांनी ब्रँडऐवजी घटकाचं नाव लिहिलं असेल, तर मात्र त्यातल्या कमी किमतीच्या कंपन्याही दाखवू. संकोच न करता विचारा.

इंटरनेटवर जरूर वाचा, पण ब्रँडच्या नावाने शोधू नका. स्ट्रिपवर बारीक अक्षरात छापलेलं घटकाचं पूर्ण नाव घ्या. बीपीसाठीचं नुसतं ‘मेटोप्रोलॉल’ शोधलंत तर गफलत होईल, कारण ते दोन रूपांत येतं: सक्सिनेट सावकाश विरघळतं, म्हणून दिवसातून एकदा, टार्ट्रेट साधारणपणे दोनदा. अमेरिकी संकेतस्थळावर पॅरासिटामॉल सापडत नाही, कारण तिकडे त्याचं नाव असिटामिनोफेन, दम्यावरच्या साल्ब्युटामॉलचं अल्ब्युटेरॉल. आम्ही स्वतः अडलो की नॅशनल फॉर्म्युलरी ऑफ इंडिया हे औषधांचं संदर्भपुस्तक उघडतो. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाचं ते प्रकाशन आहे. डोस, दुष्परिणाम, कुणी घेऊ नये हे त्यात घटकाच्या नावाखाली सापडतं. नावापुढे ‘आयपी’ दिसलं की औषध त्याच आयोगाच्या भारतीय औषधसंहितेतल्या मानकाप्रमाणे आहे, असा निर्मात्याचा दावा समजावा.

तिथे वाचून डोस मात्र स्वतः बदलू नका. संधिवातासाठी दिलेलं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. तेच रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. म्हणून त्या पाकिटावर आम्ही वार ठळक लिहून देतो. वार चिठ्ठीत नसेल तर फोन करून विचारतो, वेळ लागला तरी.

गोळ्या काढताना बॅच नंबर आणि मुदत छापलेलं टोक शेवटपर्यंत ठेवा. केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर्जात नापास झालेल्या औषधांची यादी दर महिन्याला बॅचनिहाय जाहीर करते. टोक फेकलंत तर तुमची स्ट्रिप त्यात आहे का, हे आम्हालाही सांगता येणार नाही. औषधाने अंगावर पुरळ, सूज असं काही आलं तर आधी डॉक्टरांना गाठा. मग १८००-१८०-३०२४ या सरकारी टोल फ्री क्रमांकावर कळवा, तिथेही बॅच विचारतील.

नेहमीच्या औषधांची यादी आमच्याकडे नोंदवून ठेवलीत तर गोळ्या संपण्याच्या पाच दिवस आधी फोन करू आणि तुमचाच ब्रँड मागवून ठेवू. नोंदणीला पैसे नाहीत. येताना ‘किती दिवस’ लिहिलेली चिठ्ठी तेवढी आणा.